पावडरीवर फोडलेलं खापर

आमच्या सरबताच्या बाटल्या गटारात ओतल्या, त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाला पाणी येऊन नऊ दिवस झाले होते. बाया रिकाम्या घागरी पुढ्यात ठेवून कोपऱ्यावर टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत एक शिपाई एकेक बूच उपटायचा आणि बाटली उलटी धरायचा. लिंबाचं घट्ट सरबत, त्याला वाहायची घाई नसते. ते दमादमानं, चमकत, कोरड्या गटारात उतरत होतं. पुढे आठ दिवस तिथं मुंग्या आणि गांधीलमाशा होत्या.

चाळीस वर्षं होत आली या गोष्टीला. वय झालं की राग निवतो, असं लोक म्हणतात. माझा निवला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही. दोष कुणाचा होता ते मला पंधरा दिवसांत कळलं होतं. तरी मी काय केलं, तेही इथं लिहिणार आहे. त्यामुळे हा राग फक्त दुसऱ्यांवरचा आहे असं कुणी समजू नये.

मी मूळची उदगीरची. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं. बारावी झाल्यावर घरात बसून कंटाळले, तेव्हा परभणीला महिनाभराचा फळं टिकवण्याचा कोर्स निघाला होता, तिथं मी नाव घातलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा म्हणाले, "एवढं परभणीला जाऊन शिकणार काय? लोणचं घालायला?"

"हाव, लोणचंच," मी म्हटलं. "पण वर्षभर न नासणारं."

तिथल्या शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. त्या म्हणायच्या, अन्न नासतं ते बारीक जंतूंमुळे, आणि त्यांना जगायला पाणी लागतं. मीठ आणि साखर काय करतात, तर त्यांचं पाणी तोडतात. लोणच्यात मीठ भरपूर का, मुरंब्यात साखर भरपूर का, ते तेव्हा मला पहिल्यांदा समजलं. मग त्यांनी एका बरणीतली पांढरी पावडर दाखवली. सोडियम बेन्झोएट. हिचं काम फक्त आंबट पदार्थात, बाई सांगायच्या. लिंबू, कैरी, चिंच, टोमॅटो यांत ती बुरशी आणि आंबवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही. दुधात टाकाल, वरणात टाकाल, तर काही उपयोग नाही, उगीच टाकू नका. आणि माप सोडू नका. सरबताला लिटरमागे पाऊण ग्रॅमच्या आत, लोणच्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढी पोटात गेली तर शरीर दिवसभरात लघवीवाटे बाहेर टाकतं. मापाबाहेर टाकाल तर जिभेला चरचरेल, आणि टाकणाऱ्याला अक्कल नाही हेही कळेल.

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्याच वर्षी लग्न होऊन लातूरला आले.

नवरा शाळेत मास्तर. त्याचे थोरले भाऊ माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यांच्या मागे माझी जाऊ होती, चाळिशीची, मूलबाळ नसलेली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. नवऱ्याच्या नावानं रडत बसणं तिला जमलंच नव्हतं. पापड, शेवया, कुरडया करून विकायची आणि कुणापुढे हात पसरायचा नाही, असा तिचा बाणा. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, ती तिचा कारखाना.

लातूर तेव्हा नवंनवंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कालपर्यंत ज्या घरांत माणसं राहायची त्या घरांवर एका रात्रीत खात्यांच्या पाट्या लागल्या होत्या. कुठं ओसरीत टाइपरायटर, कुठं स्वयंपाकघरात फायली. जीपगाड्या, साहेब, साहेबांच्या बैठका. आणि त्याच वर्षांत पाऊस रुसलेला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. अक्कानं एक दिवस मला विचारलं, "एवढे साहेब आलेत गावात. उन्हाळ्यात ह्यांना पाजत काय असतील गं?"

"चहा," मी म्हटलं.

"मग आपण सरबत करू. तू शिकलीस ना ते?"

पहिल्या उन्हाळ्यात तिनं पावडर टाकू दिली नाही. "ते औषध मला न्हाई चालत," म्हणाली. "आपल्या आज्या-पणज्यांनी काय पावडरी घातल्या का?" मी म्हटलं, त्यांनी साखर तिप्पट घातली असती आणि घरातल्या माणसांनाच पाजलं असतं, बाटलीत भरून दुकानात ठेवलं नसतं. तिनं ऐकलं नाही. मेच्या मध्यात एका दुपारी पत्र्याच्या खोलीत फट्कन आवाज झाला. मग दुसरा. बुचं उडून पत्र्याला लागत होती. एक बाटली फुटलीच. खोलीत हातभट्टीसारखा वास. शेजारचा एकजण दात काढून म्हणाला, "अक्का, लायसन कशाचं घेतलंत?" तो सगळा माल टाकावा लागला. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती पावडर मागव. पण मापून घालायची. माझ्यासमोर."

तिच्यासमोरच घालत होते. दोन घरं सोडून सोनार होते, त्यांचा जुना लहान तराजू तिनं मागून आणला. एका वेळी वीस लिटर सरबत व्हायचं, त्याला चौदा ग्रॅम. मी तोलायची, ती तराजूच्या काट्याकडे टक लावून बघायची, काटा थांबला की म्हणायची, "हं, घाल." पावडर आधी वाटीभर कोमट पाण्यात विरघळवायची आणि सरबत निवलं की मग ढवळून घालायची. बाटल्या उकळून वाळवायच्या. सरबताचं पाणीसुद्धा आम्ही खळखळ उकळून, गाळून घ्यायचो. तेवढ्या पाण्यासाठी अक्का टँकरपाशी किती भांडली असेल, ते गल्लीला माहीत आहे. लिंबं लोहा गावाच्या बाजूनं यायची. त्या दुष्काळात ती सुपारीएवढी होती, पण रस असा आंबट की डोळे मिटायचे.

दुसरा उन्हाळा चांगला गेला. लायसन अक्काच्या नावावर झालं. तिला अक्षर वाचता यायचं नाही, पण तो कागद तिनं काचेत बसवून देवघराच्या बाजूला लावला होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात ते शिबिर झालं.

खेड्यापाड्यांतून बालवाडी चालवणाऱ्या पन्नास-साठ बाया आल्या होत्या. एका खात्यानं तीन दिवसांसाठी एक मंगल कार्यालय घेतलं होतं. खात्याचं नाव मी घेत नाही. आमच्याकडून वीस बाटल्या नेल्या. आम्ही बजावून सांगितलं होतं, एका पेल्याला चार पेले पाणी, आणि पाणी उकळलेलं. शिपाई हो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सरबत वाटलं. संध्याकाळपासून बायांना उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या बाया सरकारी दवाखान्यात, खाटा पुरेनात म्हणून वऱ्हांड्यात सतरंज्यांवर.

दुपारी दोन जीप आमच्या दारात. एकीत त्या खात्याचे साहेब, दुसरीत अन्नभेसळ बघणारे इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी तीन बाटल्या घेतल्या, लाख लावून सील केल्या, पावती दिली. साहेबांचा मात्र आवाज चढलेला होता. फळीवरची पावडरीची बरणी त्यांनीच उचलली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

"म्हणजे केमिकल."

"साहेब, मापात घातली तर ती..."

"केमिकल आहे की नाही, एवढंच सांगा."

"आहे. मीठ पण आहे."

"बाई, मला शिकवू नका," ते म्हणाले आणि बरणी दारातल्या लोकांना दिसेल अशी उंच धरली. "बघा. हे पाजत होत्या."

ती बरणी तशी उंच धरलेली मला अजून दिसते. गल्लीतली माणसं बघत होती. इन्स्पेक्टर म्हणाले, "साहेब, रिपोर्ट येऊ द्या." साहेबांनी ऐकलं नाही. उरलेल्या बाटल्या इथंच ओता म्हणाले. असं ओतायचा अधिकार त्यांना होता का, हे तेव्हा आम्हाला विचारता आलं नाही. आता मला माहीत आहे, की नव्हता.

अक्का दारात उभी होती. तिनं एकदाच विचारलं, "आवो साहेब, त्याच बाटलीतलं आम्ही घरात पितो रोज. आम्ही कसं मेलो न्हाई?" तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दोन दिवसांनी गावातल्या एका छोट्या पेपरात आलं, विषारी पावडरीचं सरबत. काल आमच्याकडून बाटली नेणाऱ्या बाया आज रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागल्या. नवऱ्याला शाळेत मास्तर लोक चिडवायचे. तो घरी येऊन माझ्यावर चिडायचा.

मी दवाखान्यात गेले. मला बघायचं होतं. खरं सांगते, आत कुठंतरी माझा मलाच संशय होता. चौदाऐवजी चाळीस तर तोलली नाही मी? पण चाळीस जरी पडली असती तरी असे जुलाब लागत नाहीत, हे कळत होतं, तरी गेले. तिथं कोपऱ्यातल्या खाटेवर शिरूर अनंतपाळकडची एक बाई होती. सगळ्यांत जास्त तीच झिजली होती. डोळे खोल गेलेले, हाताला सलाइन. मी कोण हे सांगितलं तेव्हा वाटलं ती तोंड फिरवेल. ती म्हणाली, "तुमचं सरबत मी पेलेच न्हाई की."

"म्हणजे?"

"मला आंबट चालत न्हाई. सांधे धरतात. मी नुसतं पाणी पेले. तीन-चार ग्लास. लई ऊन व्हतं. पिंपातलं पाणी, दोन्ही दिस."

तिनं पुढे सांगितलं की पाण्याला वास होता, पेल्यात शेवाळाचा तुकडा आला होता, तो तिनं बोटानं काढून टाकला आणि प्याली. दुसरं पाणी होतं कुठं?

घरी येऊन अक्काला सांगितलं तर तिनं पायात चपला घातल्या. त्या कार्यालयाला पाणी कुठल्या टँकरनं आणलं ते तिनं तासाभरात शोधून काढलं. गल्लीगल्लीतल्या बायांना टँकर तोंडपाठ होते. गावाबाहेरची एक जुनी विहीर होती. आम्ही दोघी चालत गेलो. विहिरीच्या काठावर बाया धुणं धूत होत्या, ते पाणी परत आतच जात होतं. पलीकडे म्हशी. तळाशी हिरवं, दाट पाणी, आणि त्यात टँकरचा पाइप सोडलेला. मी ड्रायव्हरला विचारलं, "यात टीसीएल टाकता का?" टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ती पांढरी पावडर. खेड्यातल्या पोरालाही माहीत असते.

"मला कुणी दिलीच न्हाई तर टाकू कुठून?" तो म्हणाला. बिचारा खोटं बोलत नव्हता.

म्हणजे जी पावडर टाकायची होती ती कुणी टाकली नव्हती, आणि जी मापून टाकली होती तिच्या नावानं गाव बोंबलत होतं. बेन्झोएट बाटलीतलं सरबत आंबू देत नाही. पिंपभर घाण पाण्यात ओतल्यावर ते पाणी शुद्ध करायची ताकद तिच्यात नाही, आणि ते तिचं कामही नाही.

चार दिवसांनी त्या बाईला घरी सोडलं. गावाला जायच्या आधी मी तिला हात धरून साहेबांच्या ऑफिसात नेलं. ती चालताना लटपटत होती. साहेबांसमोर तिनं सगळं सांगितलं. साहेब हातातलं पेन टेबलावर आपटत ऐकत होते. एक अक्षर लिहून घेतलं नाही.

"तुम्ही सरबत प्यायला नाहीत, हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"माझ्या तोंडात काय गेलं ते मला ठावं न्हाई का?"

"तापात माणसाला आठवत नाही."

"मला ताप नव्हता साहेब. जुलाब व्हते."

मागे कारकून हसला. साहेब म्हणाले, "बरं. तुम्ही जा आता. बालवाडीचं मानधन चालू ठेवायचं आहे ना?" बाई दाराकडे वळली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला आणखी लाज वाटली असती. एसटी स्टँडवर तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "ताई, माझं नाव कुठं लिहू नका." म्हणून आजही लिहीत नाही.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. गावात वजन असलेले. टँकरचा ठेका त्यांच्या पुतण्याकडे आहे, हे ते आल्यावर मला नवऱ्याकडून कळलं. अक्का तेव्हा बाजारात गेली होती. ते बाजेवर बसले, पाणी प्याले. माठातलं, आमचं उकळलेलं. आणि फार गोड बोलले.

"सूनबाई, केस झाली तर लायसन कुणाच्या नावावर आहे? तुमच्या जाऊबाईंच्या. विधवा बाईला कोर्टात उभं करणार का? एक कागद लिहून द्या. पावडर अंदाजानं टाकली, मापात चूक झाली. बस्स. माणसाच्या हातून चूक होते. साहेब समजूतदार आहेत, प्रकरण तिथंच मिटेल."

"पण चूक झाली नाही," मी म्हटलं.

"मला माहीत आहे हो," ते म्हणाले.

मला माहीत आहे हो! हे तोंडावर म्हणाले ते. मला वाटतं माझा सगळा राग त्या एका वाक्यात अडकून बसलाय.

नवरा म्हणाला, सही कर. कागद तयारच होता, टाइप केलेला. मी चोवीस वर्षांची होते. अक्का कोर्टात, तिच्या डोक्यावरचा पदर, वकील तिला काहीबाही विचारतोय, असं डोळ्यांसमोर आलं. मी सही केली. पण कारण एवढंच होतं असं लिहिलं तर स्वतःला सोडवून घेतल्यासारखं होईल. मला भीतीही वाटली होती, आणि हे एकदाचं संपावं असंही वाटलं होतं. गृहस्थांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जाताना म्हणाले, "शहाण्या आहात."

अक्का भाजीची पिशवी घेऊन आली. नवऱ्यानंच सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं पिशवी खाली ठेवली.

"मी रोज काटा बघत होते," ती म्हणाली. "तू तोलायचीस आणि मी बघत होते. मग ती माझी पण सही झाली की न्हाई? माझी खोटी सही तू कशी केलीस?"

"तुझ्यासाठी केली" असं तोंडात आलं होतं, ते मी गिळलं.

रिपोर्ट आला तेव्हा पाऊस लागला होता. कुठं दूरच्या प्रयोगशाळेतून, चार महिन्यांनी. त्या हळू बोलणाऱ्या इन्स्पेक्टरांनी घरी येऊन हातात दिला. बेन्झोएट परवानगीच्या मापात होतं. सरबतात आजार करणारं काहीही सापडलं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही लिहून द्यायला नको होतं. मी रिपोर्टपर्यंत थांबा म्हणालो होतो." ते बरोबर बोलत होते आणि मला त्यांचाही राग आला.

मी तो कागद घेऊन पेपरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, आता बातमी शिळी झाली. साहेबांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट नीट वाचला, परत माझ्यापुढे सरकवला आणि खणातून माझी सही असलेला कागद काढला.

"हे तुम्हीच लिहून दिलंय ना?"

"लिहून घेतलंय."

"सही कुणाची?"

सही माझी होती.

विहिरीचं पाणी कुणी तपासलं नाही. ते पाणी त्या उन्हाळ्यात आणखी किती लग्नांना, किती शाळांना पुरवलं गेलं, देव जाणे. पिंपाची गोष्ट कुठल्याच कागदावर आली नाही, म्हणून ती घडलीच नाही. घडलं काय, तर दोन बायकांनी पावडर टाकून लोकांना आजारी पाडलं. लातुरात अजूनही काही म्हाताऱ्या माणसांना एवढंच आठवतं.

अक्कानं पुन्हा सरबत केलं नाही. लायसनचा कागद काचेतून काढला, घडी करून ट्रंकेत टाकला. पापड-शेवया करत राहिली, पण दुकानात ठेवायला तयार नसायची. ओळखीचं माणूस घरी येऊन नेईल तेवढंच. दोन वर्षांनी नवऱ्याची बदली नांदेडला झाली आणि आम्ही निघालो. निघताना तिनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली, सगळं रीतसर केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

नांदेडला मी बायकांचे वर्ग घ्यायला लागले. लोणचं, जॅम, सॉस, सरबत. पंचवीस-तीस वर्षं घेतले. दर वर्गात, पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी, एक हात वर यायचा. "ताई, त्या पावडरीनं कॅन्सर होतो म्हणे?" माझं डोकं तडकायचं, तरी मी सरळ सांगायची. मापात घातली तर माणसाला त्रास नाही. दालचिनी-लवंगेतही तिचाच एक भाऊबंद असतो आणि तो आपण मसाल्यात खात आलोय. काही माणसांच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, दम्याच्या काहींना त्रास होतो, त्यांनी टाळावी. पुढे वाचनात आलं, की लिंबासारख्या पदार्थात, जिथं सी जीवनसत्त्व असतं, तिथं उन्हात-उष्णतेत राहिली तर तिच्यापासून अगदी किंचित वाईट द्रव्य तयार होऊ शकतं. तेही मी लपवलं नाही. बाटल्या सावलीत ठेवा, जुना माल विकू नका, असं वर्गात सांगायला लागले. मी काही त्या पावडरीची भक्त नाही. लागत नसेल तिथं टाकू नका, हेच मी शिकवत आले.

आणि बिनमापानं टाकणारे मी पाहिलेत. माहूरला देवीच्या जत्रेत एक सरबतवाला मुठीनं टाकत होता. मूठ भरायची आणि पिंपात सोडायची, वर लाल रंग. मी त्याला विचारलं किती टाकतोस, तर म्हणाला, "जास्त टाकली की जास्त टिकतं, मावशी." मी तिथं भक्तांच्या गर्दीत त्याच्याशी एवढी भांडले, की नवऱ्यानं मला ओढून बाजूला नेलं. असल्या लोकांमुळेच त्या साहेबाला बरणी उंच धरता आली. आणि आता दुकानात बघते, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पावडर नाही, केमिकल नाही. आत साखर वाटीवाटीनं ओतलेली. माझी सून हौसेनं तीच आणते. पाणी कुठलं वापरलं, ते कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि विचारत कुणीच नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात मी अक्काला बघायला गेले. ती सत्तरी ओलांडून गेली होती, गुडघे गेले होते, पण घर स्वच्छ. प्यायचं पाणी अजून उकळूनच. आम्ही दोघी जेवलो. मग मी मनाशी ठरवलेलं बोलले. तीस वर्षांत बोलले नव्हते.

"अक्का, त्या सहीबद्दल माझं चुकलं."

ती पानाला चुना लावत होती. लावून झाला, सुपारी घातली, विडा तोंडात ठेवला. मला वाटलं ऐकूच आलं नसेल.

"चुकलंच," ती म्हणाली. "तुझ्यावरचा माझा राग गेला न्हाई, आणि जाणार बी न्हाई. त्या साहेबाला मी कवाच विसरले. तो कोण माझा? तू माझी व्हतीस."

तिनं पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"पान घे. आणि येत जा अधूनमधून. रागानं काय माणूस तुटत न्हाई."

त्यानंतर मी दर दोन महिन्यांनी जायची. नांदेडहून सकाळची गाडी, संध्याकाळी परत. आम्ही गल्लीतल्या माणसांबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल, नळाबद्दल. सरबताचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही नाही. तीन वर्षांनी ती गेली. मला निरोप वेळेवर मिळाला, मी पोचले, तिच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं. राग तिच्याबरोबर गेला, पण तो तिचा. माझा अजून आहे, आणि तो कुणावर किती, याची वाटणी मला अजून जमलेली नाही.